राणी विंगेकडे बघते

माझ्या सुनेने मला पुन्हा तरुण केलं, आणि वर मलाच विचारते, "आई, नाक बरोबर आलंय ना?"

नाक बरोबरच आलं होतं. या नाकावर वडशापासून ब्रह्मपुरीपर्यंत लोक भाळले होते, ते चुकवायची यंत्राची काय बिशाद! आमच्या बैठकीच्या भिंतीवर मी उभी होते. शालू, कपाळावर आडवं कुंकू, कमरेत ताठ. आता उठताना गुडघ्यावर हात ठेवावा लागतो, हे त्या भिंतीवरच्या बाईला ठाऊकच नव्हतं. मी तिच्याकडे बघत राहिले. तीही बघत होती, आणि खरं सांगते, तिची नजर माझ्यापेक्षा जरा जास्तच तोऱ्यात होती.

पिलारे नाट्य रंगभूमी, वडसा, ही आमची कंपनी. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात, ती होळीपर्यंत. 'हिरापूरची राणी' हे आमचं घरचं नाटक, माझ्या आजेसासऱ्यांनी लिहिलेलं. दुष्काळात राजवाड्याचं कोठार फोडून राजपुत्र शत्रूच्या उपाशी गावाला धान्य वाटतो. कोठार फोडणाऱ्याला राज्याबाहेर काढायचं, हा कायदा. न्याय करायला गादीवर बसलेली असते त्याचीच आई. ती राणी मी उभी हयात केली.

आता मात्र नाटकाला पुढे म्हातारे, मागे त्यांची सुना-लेकं, आणि पोट्टे घरी मोबाइलमध्ये तोंड खुपसून. जुनी भाषा त्यांना कळत नाही आणि रात्रभर बसवत नाही. माझी सून मृणाल नागपूरची, संगणकावर काम करणारी. ती म्हणाली, "आई, पोरं नाटकाकडे येत नाहीत, तर आपण नाटक पोरांकडे नेऊ."

"नाटक म्हंजे का भाजीची गाडी होय?" मी म्हटलं.

पण तिने नेलं. कसं, ते तिने मला समजावलं आणि मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगते. हा सिनेमा नव्हे. सिनेमात एकदा केलं ते कायमचं तेवढंच. मृणालने लोकांच्या घरून जुन्या कॅसेटी, सीड्या, मोबाइलवर घेतलेले तुकडे गोळा केले. यंत्राने त्यातल्या शेकडो रात्रींच्या राण्या एकमेकींवर ठेवल्या, पातळ कागदावरची चित्रं उजेडात धरावीत तशी. एखाद्या रात्री मला शिंक आली, ती गळून गेली. जे रोज रोज केलं, ते उरलं. त्या उरलेल्यातून यंत्र राणी शिकलं. कशी वळते, कुठे श्वास घेते, कुणी मध्ये खाकरलं तर काय करते. तसाच प्रधान आणि राजपुत्रही शिकलं.

मग मृणालने इंटरनेटवर एक पान केलं. शाळेच्या मोठ्या पडद्यावर नाहीतर साध्या मोबाइलवरही ते उघडतं. उघडलं की त्या यंत्राचा कॅमेरा राणीचे डोळे होतो आणि माइक तिचे कान. पोरं गडबड करत असली तर राणी थांबते. मागचा पोट्टा जांभई देतो, तर त्याच्याकडे बघून आवाज चढवते. शब्द मात्र नाटकातलेच. यंत्राने आपल्या पदरचं एक अक्षर घालायचं नाही, ही अट माझी. माझ्या हो शिवाय पान लोकांपुढे जाणार नाही, हीसुद्धा माझीच.

पहिल्यांदा घरी बघायचं ठरलं तेव्हा मी नामदेव भाऊजींना बोलावलं. भाऊजी म्हणजे माझ्या मालकांचे चुलतभाऊ, जवळच कुरुडला राहतात. आणि भाऊजी म्हणजे आमचे प्रॉम्प्टर. झाडीपट्टीत आज एक नाटक, उद्या दुसरं. एवढं पाठ कुणाचं राहणार? म्हणून डाव्या विंगेत पेटीवर संहिता घेऊन प्रॉम्प्टर बसतो आणि प्रत्येक ओळ हळूच पुढे देतो. इतरांना तो आधाराला लागायचा, मला श्वासाला लागायचा. मी दुसरी शिकलेली. ओळ वाचेपर्यंत माझी गाडी तिसऱ्या शब्दावर अडते. राणीचं अक्षर न् अक्षर मी भाऊजींच्या तोंडून कानात घेतलं आणि लोकांच्या काळजात सोडलं. यात लाजायचं काय आहे? गवय्यासुद्धा तंबोऱ्याशिवाय गात नाही.

भाऊजी इस्त्रीचा सदरा घालून, पिशवीत शिंगाडे घेऊन आले. मृणालने माइक बंद ठेवून नाटक नुसतं सरळ चालवून दाखवलं. राणी बोलली. असा खणखणीत आवाज तर तेव्हाही कुणी ऐकला नसेल.

"आवाज लई साफ आला जी," भाऊजी म्हणाले.

मृणालचा चेहरा फुलला. "हो ना काका! जुन्या कॅसेटींमध्ये राणीच्या प्रत्येक वाक्याच्या आधी मागून एक गोंगाट यायचा. कुणीतरी पुटपुटल्यासारखा. तो काढण्यातच सगळ्यात जास्त वेळ गेला."

भाऊजींनी हातातला शिंगाडा परत पिशवीत ठेवला.

"गोंगाट," ते म्हणाले.

"हो, पण आता पूर्ण साफ केला."

ते उठले, चपला घातल्या. मी म्हटलं, "अवो भाऊजी, चहा ठेवला हाये."

"गोंगाट चहा पीत नाई, वहिनी," म्हणाले, आणि गेले.

काका का गेले, ते मृणालला कळेना. ते पुटपुटणं म्हणजे भाऊजीच, हे मी सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "आई, पण मला कुणी सांगितलंच नाही की मागून कुणी वाचून दाखवतं!" यात तिची तरी काय चूक? आम्ही श्वास घेतो, हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे ही सांगायची गोष्टच नाही.

मी फोन केला, भाऊजींनी उचलला नाही. मुलगा जाऊन आला, तर त्याला म्हणाले, "तुझ्या बायकोले सांग, जागा साफ झाली, आता सुखानं राहा." माझ्या घरात पाऊल ठेवणार नाही असं दारात उभं राहून बोलले. इतकी वर्षं माझ्या कानापासून चार हातांवर बसलेला माणूस! मी वरवर म्हटलं, "रुसू दे, येईल." पण त्या दिवशीची भाजी मी खारट केली.

चार दिवसांनी जवळच्या एका शाळेत चाचणी होती. इथे पहिल्यांदा माइक उघडा. वर्गाच्या भिंतीएवढ्या पडद्यावर हिरापूरचा दरबार भरला. प्रधान आला, राजपुत्राला बेड्या घालून आणला, पोरं पुढे सरकली. राणी आली. बसली. डावीकडे बघितलं.

आणि तशीच राहिली.

"हँग झाली रे!" एक पोट्टा ओरडला.

"नेट गेलं, मॅडम!"

"राणी पाठांतर विसरली!" यावर सगळा वर्ग खिदळला.

हँग झाली नव्हती. तिने डाव्या हाताची बांगडी हळूच फिरवली. ही खूण माझी. ओळ नीट ऐकू आली नाही की मी बांगडी फिरवायची, म्हणजे भाऊजी जरा जोरात देत. लोकांना वाटे, राणी विचारात पडली. पडद्यावरची ती बाई माझ्या नाकाने, माझ्या बांगडीने, माझ्या प्रॉम्प्टरची वाट बघत होती. तो आला नाही. ती थांबून राहिली, पोरं हसत राहिली, आणि शेवटी मृणालने पान बंद केलं.

घरी येऊन तिने शोधून काढलं. यंत्राला राणी शिकवताना जुना आवाज होता तसा ऐकवला होता, पुटपुटण्यासकट. साफसफाई नंतरची. त्यामुळे यंत्र शिकलं ते असं: राणी डावीकडे बघते, डावीकडून शब्द येतात, मग राणी बोलते. प्रधान, राजपुत्र अडले तरच भाऊजींकडे बघत, म्हणून ते चालले; राणी मात्र कुणी दिल्याशिवाय बोलतच नाही. माइक बंद असताना हे सोंग चाललं. कान उघडल्याबरोबर ती ऐकायला लागली, आणि ऐकायला काहीच नव्हतं.

"सोपं आहे, आई," मृणाल म्हणाली. "तिची नजर सरळ करते, वाट बघणं काढून टाकते. एका दिवसाचं काम. पुढच्या आठवड्यात चार जिल्ह्यांतल्या शाळा एकदम जोडायच्या आहेत. तुम्ही फक्त हो म्हणा."

दुसऱ्या दिवशी तिने तशी राणी दाखवली. बोलली हो, घडाघडा बोलली. "प्रधानजी, कोठाराची किल्ली कोणाकडे होती." एसटी स्टँडवर गाडीचा फलाट सांगणारी बाई बोलते ना, तशी. पोटचं पोर बेड्यांत उभं आहे आणि बाईच्या डोळ्यांत त्याची काही खबरच नाही.

"ही मी नोहो," मी म्हटलं.

"मग दुसरा उपाय. काकांचा जुना आवाज कॅसेटमध्ये आहेच. तो वेगळा काढून परत मागे लावते. त्यांना विचारायचीसुद्धा गरज नाही."

"माणूस कुरुडले जित्ता बसला हाये, अन् तू त्याचा आवाज चोरून आणतेस? पहिले त्याले झाडून काढलं, आता त्याच्या मागून भरून घेतेस?"

मृणालने यंत्र बंद केलं. पोरगी वाईट नाही, फक्त तिचा हात मेंदूच्या आधी चालतो. म्हणाली, "मला न्या त्यांच्याकडे."

"तूच ने. गाडी तुलेच येते."

भाऊजी अंगणात लाखोळीच्या शेंगा सोलत बसले होते. आम्हाला बघितलं आणि शेंगा दुप्पट वेगाने सोलायला लागले.

"का जी भाऊजी, पाहुण्याले बसा म्हणायची रीत कुरुडात बंद झाली का?"

"बसा. पण बोलायचं असन तर यंत्रासंग बोला. त्याले समदं येते."

"त्याले काईच येत नाई. थे तुमची वाट पाहून राह्यलं."

"खोटं नोका बोलू वहिनी, या वयात."

"या वयात खोटं बोलून मले का भेटते? मृणाल, दाखव तुझा तमाशा."

मृणालने मोबाइलवर आधीच्या, वाट बघणाऱ्या राणीचं पान उघडलं आणि मोबाइल पाण्याच्या माठाला टेकवून ठेवला. बोटाएवढी राणी आली, बसली, डावीकडे बघितलं. भाऊजी नेमके माठाच्या त्याच बाजूला बसलेले. तिची नजर सरळ त्यांच्यावर. ते शेंग हातात धरून तसेच राहिले.

राणीने बांगडी फिरवली.

"जोरानं पाहिजे म्हंते," भाऊजी हळूच म्हणाले.

"मले का सांगता? तिले द्या."

त्यांनी मान वळवली. माणूस हट्टी. राणीने पुन्हा बांगडी फिरवली, आणि पदर सावरला. बांगडीनेही काम झालं नाही तर मी पदर सावरायची, त्याच्या पुढे मात्र लोकांना कळायचं की बाई अडकली. भाऊजींचा पाय हलायला लागला. तो पाय मी ओळखते.

"प्रधानजी, कोठाराची किल्ली कोणाकडे होती," ते पुटपुटले. हातात संहिता नाही, डोळ्यांवर चष्मा नाही.

बोटाएवढ्या राणीने मान वर केली, आणि असं विचारलं प्रधानाला, की मृणालने तोंडावर हात ठेवला. भाऊजींनी पुढची ओळ दिली. मग त्याच्या पुढची. शेंगा तशाच राहिल्या. प्रवेश संपला तेव्हा मृणालने त्यांच्या पायांना हात लावला. "काका, मी चुकले. मला माहीतच नव्हतं."

"तू नाई चुकली," भाऊजी म्हणाले. "चांगल्या प्रॉम्प्टरचा आवाज लोकाले ऐकू याले नाई पाहिजे. कॅसेटीत आला, तुले गोंगाट वाटला, म्हंजे मी जोरानं देत होतो." मग माझ्याकडे बोट. "हिच्यापायी. ही अर्धी बहिरी."

"बहिरी असन तुमची सासू!" मी म्हटलं, आणि मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी कुणी मला धड उत्तर दिलं होतं.

"पण वहिनी, एवढ्या शाळा. मी एकटा कुठी कुठी पुरू?"

यावर मृणालने मान वर केली. तिच्या डोक्यात दिवा लागला की तिचे डोळे मोठे होतात, ते मी लग्नापासून बघते आहे. "काका, तुम्ही ओळी द्यायच्याच नाहीत. पोरं देतील. प्रत्येक शाळेत एक पोर डाव्या बाजूला बसेल, त्याच्यासमोरच्या मोबाइलवर फक्त त्याला संहिता दिसेल. ते देईल तेव्हाच राणी बोलेल. तुम्ही फक्त शिकवा."

"पोट्टे का प्रॉम्प्टिंग करतीन? त्याइले 'सिंहासन' लिवता येत नाई."

"राणी वाट बघत असली की येईल," मृणाल म्हणाली.

त्या आठवड्यात भाऊजी आमच्याच बैठकीत बसून पडद्यावरून शाळाशाळांतल्या पोरांना शिकवत होते. घरात पाऊल न ठेवायचं ते विसरले आणि मी आठवण करून दिली नाही, याला शहाणपण म्हणतात. "राणीच्या ओठाकडे पाह! ओठ मिटाच्या आंधी पुढचे दोन शब्द दे. अख्खी ओळ नोको फेकू, राणी का म्हैस होय, चारा टाकाले?" पोरं हसायची आणि पुन्हा वाचायची. ज्यांना वर्गात पुस्तक उघड म्हटलं की पोटात दुखतं, ती पोरं 'न्यायासन' आणि 'राजद्रोह' दहादहा वेळा म्हणून बघत होती, कारण अडखळलं की सगळ्या वर्गासमोर राणी बांगडी फिरवणार.

शाळा जोडायच्या दिवशी आम्ही तिघं त्याच शाळेत गेलो, जिथे फजिती झाली होती. मी मागच्या बाकावर बसले, शेजारी भाऊजी. विंगेत बसायला सगळा वर्ग हात वर करून उड्या मारत होता. मास्तरांनी निवडली पल्लवी मडावी. अंगाने काटकी, आवाज त्याहून बारीक.

"हिचं ऐकू नाई जाणार," मी भाऊजींच्या कानात म्हटलं.

"राणीचे कान तुमच्यापेक्षा चांगले हायेत."

नाटक सुरू झालं. राणी आली, डावीकडे बघितलं. वर्ग एवढा गप्प, की पंख्याचा आवाज यावा. पल्लवीने ओळ दिली. राणी बोलली! पोरांनी सुटकेचा असा श्वास सोडला, जणू त्यांच्याच गळ्यातून ती ओळ निघाली. मृणाल माझ्याकडे वळून हसली, मीही हसले. माझ्याकडून 'हो' याहून मोठ्याने कुणाला मिळत नाही.

पण नाटक पुढे गेलं तशी मी सावरून बसले. काहीतरी वेगळं होतं. ही पोरगी जशी ओळ द्यायची, तशीच राणी बोलायची. तिने घाबरत दिली, तर राणी जपून बोलली. तिने चिडून दिली, कारण राजपुत्राने धान्यच तर वाटलं होतं, तर राणी प्रधानावर चिडली. मी मृणालला खूण करून बोलावलं. "हे काय?"

"यंत्र तेच शिकलंय, आई," ती कुजबुजली. "शेकडो रात्रींत काकांचा सूर जसा, तसा तुमचा सूर. दर वेळी."

मी भाऊजींकडे बघितलं. ते निर्विकार चेहऱ्याने छताकडे बघत होते.

शेवटचा प्रवेश आला. राजपुत्र दारात उभा, आणि राणीची शेवटची ओळ. ही ओळ मी अशी फेकायची की मंडपाबाहेरचे बैल उठून उभे राहत. शिट्ट्या, टाळ्या, काय विचारता. मी ताठ बसले, माझी गर्जना ऐकायला.

राणीने डावीकडे बघितलं. पल्लवीने मोबाइल खाली ठेवला. तिला पाठच झालं होतं. तापाने फणफणलेल्या भावाच्या उशाशी बसून बोलावं, तशी तिने ओळ दिली.

"जा. हा हुकूम राणीचा आहे. आईला विचारायला कुणी आलं नाही."

आणि भिंतीवरची मी, ती तोऱ्यातली मी, तेवढ्याच हळू म्हणाली. "आईला विचारायला..." इथे थांबली. माझ्या अख्ख्या हयातीत मी तिथे थांबले नव्हते. "...कुणी आलं नाही."

राजपुत्र गेला. एकाही पोराने हालचाल केली नाही. पहिल्या रांगेतला, तोच 'हँग झाली' ओरडणारा, बाहीने नाक पुसत होता.

मला आधी राग आला. माझी ओळ, माझा गळा, आणि एक काटकी पोरगी येऊन वाकवते! मग राग कुठेतरी खाली बसला. त्या ओळीत बाई रडते आहे, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. मला वाटायचं, ती हुकूम देते.

मी भाऊजींना कोपर मारलं. "तुमी मले असं कधी दिलं नाई!"

"तुमी कधी मांगतलं नाई," भाऊजी म्हणाले. "मले वाटे, असं द्यावं. पण तुमाले टाळी पाहिजे होती. मंग मी टाळीचं देत गेलो."

मी बांगडी फिरवली, मग पदर सावरला. माझ्या सुनेने ही तारीख कुठेतरी टिपून ठेवली असणार.

तेवढ्यात पोरांना कळलं होतं की पडद्यावरची राणी मागे बसली आहे. सगळी वळली. "आजी, तुम्ही करून दाखवा! आजी, एकदा!"

"गुडघे दुखतात माझे," मी म्हटलं, आणि उठले.

फळ्यासमोर उभी राहिले. भाऊजी डाव्या भिंतीशी जाऊन उभे राहिले, नेहमीच्या अंतरावर. मी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "आता द्या. तुमाले वाटे तसं."

त्यांनी दिलं. आवाज थकलेला, पण सूर मी कधी न ऐकलेला. मी तो घेतला आणि म्हटलं, जिथे थांबायचं तिथे थांबून. टाळी पडली नाही. सगळी नुसती बघत राहिली. मला वाटलं होतं, टाळीवाचून मला करमणार नाही. करमलं.

"आजी, परत," पल्लवी उठून पुढे आली. "आता मी देते."

भाऊजी दोन पावलं सरकले आणि भिंतीजवळची ती जागा तिला दिली.